जान्सेनची जोडी, सांगलीची ढाबळ आणि हजार किलोमीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत घरच्या ढाबळीत, म्हणजे कबुतरखान्यात, वडिलांच्या वेळेपासून गिरेबाज कबुतरं आहेत, घरावरच्या आकाशातच उंच उडणारी. आता होमरकडे, म्हणजे लांब नेऊन सोडलं की घरी परतणाऱ्या शर्यतीच्या कबुतरांकडे, वळायचंय. त्यासाठी बंगळूरहून 'जान्सेन' वंशावळीची एक जोडी कागदासकट बरीच किंमत मोजून आणलीय. तिच्यापासून पाचशे ते हजार किलोमीटरवरून येणारं स्वतःचं घराणं उभं करायचंय. जोड्या कशा लावायच्या, किती वर्षं लागतील आणि सराव कोणत्या दिशेने द्यायचा?

मी बंगळूरला राहतो. आमच्याकडची कबुतरं हैदराबाद, नागपूर, भोपाळकडून येतात, त्यामुळे दख्खनचं पठार ओलांडणाऱ्या होमरांशी माझा रोजचा संबंध आहे. स्पष्ट सांगतो. या एका जोडीवर हजार किलोमीटरचं घराणं उभं राहणार नाही. पण ती टाकाऊही नाही, तिची जागा वेगळी आहे. आणि वेळ म्हणाल तर पाच-सहा वर्षं धरा. पहिली दोन वर्षं तर कोणतं कबुतर खरं हे कळण्यातच जातील.

आधी जान्सेन या नावाबद्दल. बेल्जियममधल्या आरेंडोंक गावच्या जान्सेन बंधूंनी बाहेरचं रक्त फारसं न आणता, घरातल्या घरात जोड्या लावत एक घट्ट घराणं तयार केलं. ते गाजलं कमी आणि मध्यम पल्ल्यावर, म्हणजे काही तासांत संपणाऱ्या वेगवान शर्यतींत. जगभरच्या लोकांनी ते रक्त नेलं ते आपल्या कबुतरांना वेग यावा म्हणून, आणि बहुतेकांनी ते दुसऱ्या रक्ताशी मिसळूनच वापरलं. अतिलांब पल्ल्यासाठी ज्यांचं नाव घेतात ते वेगळे. हॉलंडमधल्या स्टीनबर्गनच्या यान आर्डेन यांची कबुतरं त्यांपैकी. बार्सिलोनाहून बेल्जियम-हॉलंडपर्यंत हजार-बाराशे किलोमीटर येणाऱ्या पक्ष्यांच्या वंशावळी चाळल्या तर हे नाव पुन्हा पुन्हा दिसतं. तेव्हा 'जान्सेन आहे म्हणजे हजार किलोमीटर येणारच' हे गणित मुळातच जुळत नाही.

दुसरं, कागदावर लिहिलेलं नाव आणि अंगातलं रक्त यांचा हिशोब मांडून बघा. आई-वडिलांकडून निम्मं, आजा-आजीकडून पाव, असं करत सहा पिढ्या मागे गेलात तर एका पूर्वजाचा वाटा उरतो चौसष्टावा, म्हणजे दीड टक्का. तेच नाव वंशावळीत चार-पाच जागी पुन्हा येत असेल तर गोष्ट वेगळी. एकदाच आलं असेल तर तुम्ही नावाचे पैसे दिलेत. आणि पायातली बंद रिंग एवढंच सांगते की हे पिल्लू अमुक वर्षी, आठवड्याभराचं असताना रिंगवलं गेलं. मोठ्या कबुतराच्या पायात ती चढत नाही, म्हणून वयाचा पुरावा पक्का. आई-बापाचा नाही. तो डीएनए तपासणीतूनच मिळतो. एवढी किंमत दिलीच आहे तर तीही करून घ्या.

बाहेर या नावांना काय भाव येतो ते तुम्ही वाचलं असेलच. 2019 मध्ये 'आर्मांडो' नावाचा बेल्जियन नर साडेबारा लाख युरोंना विकला गेला, 2020 मध्ये 'न्यू किम' ही मादी सोळा लाखांना. ते पैसे उडवण्यासाठी नव्हते, अंड्यांसाठी होते. आपल्याला त्या वाटेने जायचं कारण नाही. भारतात रुळलेलं बेल्जियन रक्त जुनं आहे. ओडिशा पोलिसांनी 1946 मध्ये कोरापूटच्या डोंगराळ भागात कबुतरांची टपाल सेवा सुरू केली, 1948 मध्ये पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला निरोप धाडला तो कबुतराकडूनच, आणि ते पक्षी बेल्जियन होमरच होते. इथल्या उन्हात, इथल्या दाण्यावर, इथल्या ससाण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या निभावलेलं कबुतर मला परदेशातून नुकत्याच आलेल्या नामवंत पक्ष्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो आपल्याकडे फार कमी लोक लक्षात घेतात: दिवसाची लांबी. बेल्जियममध्ये जूनअखेर सोळा तासांहून जास्त उजेड असतो. आपल्याकडे फेब्रुवारीत साडेअकरा तास, फार तर पावणेबारा. कबुतर साधारण मिनिटाला हजार ते बाराशे मीटर कापतं, म्हणजे ताशी साठ ते बहात्तर किलोमीटर. अंधार पडला की बहुतेक कबुतरं बसतात. तिकडे जे अंतर एका दिवसात संपतं, ते आपल्याकडे रात्र बाहेर काढल्याशिवाय संपत नाही. म्हणजे इथे हजार किलोमीटरचं कबुतर म्हणजे निव्वळ दमदार कबुतर नव्हे. परक्या मुलखात संध्याकाळी सुरक्षित जागा शोधून बसणारं, तहान सोसणारं आणि पहाटे पुन्हा घराच्या दिशेने उठणारं कबुतर. हा स्वभाव आहे, आणि तो पिढीतून पिढीत उतरतो. घराणं उभं करायचं ते या स्वभावाभोवती.

तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. सांगलीहून ईशान्येला नकाशावर पट्टी ठेवा. जवळजवळ एकाच रेषेत सांगोला, मोहोळ, लातूर, नांदेड, यवतमाळ, नागपूर ही गावं लागतात. हवाई अंतरं अंदाजे अशी: सांगोला 90, मोहोळ 155, लातूर 270, नांदेड 385, यवतमाळ 540, नागपूर 670 किलोमीटर. पुढे त्याच अंगाला जबलपूर 900 आणि कटनी 980 च्या आसपास. इतकी सरळ आणि नागपूरपर्यंत तरी बऱ्यापैकी मोकळी रेषा मिळणं हे भाग्यच. सह्याद्री तुमच्या पाठीमागे राहतो, वाटेत मोठा घाट नाही. थंडीत पठारावरचा वारा बऱ्याचदा पूर्व-ईशान्येकडून असतो, तो पाठीवर मिळतो. कोकणात उतरून सराव देण्याच्या फंदात पडू नका. धुकं, घाट आणि कड्यांवरचे ससाणे, तिन्ही एकदम भेटतात.

या रेषेवर नागपूर ही तुमची खरी परीक्षा. फेब्रुवारीत सकाळी पावणेसातला सोडलेलं कबुतर मिनिटाला हजार मीटरने आलं तर संध्याकाळी सहाच्या सुमारास गच्चीवर दिसेल, सूर्यास्ताच्या थोडं आधी. वेग नऊशेवर आला की सात वाजून जातात, म्हणजे अंधार. तेव्हा एकाच ठिकाणाहून दोन्ही गोष्टी कळतात: कोण जोर लावून त्याच दिवशी पोचतं, आणि कोण मुक्काम करून दुसऱ्या सकाळी येतं. मला दोन्ही हवीत. जबलपूरहून मात्र मिनिटाला अकराशेचा वेग धरला तरी साडेतेरा तास होतात. तिथून मुक्काम ठरलेलाच, आणि सातपुड्याच्या रानातला मुक्काम सोपा नाही. नागपूरहून दोन हंगाम घरी येऊन दाखवल्याशिवाय कोणतंही कबुतर तिकडे नेऊ नका.

पिल्लांपासून सुरुवात कशी करायची? विकत आणलेली जोडी कधीही मोकळी सोडू नका. तिचं घर बंगळूर आहे, ती तिकडेच निघेल. तिला जाळीत ठेवून अंडी घ्या. पिल्लं सव्वीस-अठ्ठावीस दिवसांची झाली की आई-बापापासून वेगळी करा आणि लगेच गच्चीवरच्या उघड्या जाळीत बसवा, चारी बाजूंनी वारा लागेल अशी. हे केवळ रुळण्यासाठी नाही. इटलीत 1970 च्या दशकात पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कबुतर वाऱ्यावर येणाऱ्या वासांवरून आपल्या घराभोवतीचा नकाशा बनवतं. भिंतीआड, वाऱ्यापासून तोडून वाढवलेली पिल्लं पुढे घरी यायला चुकली. दिशा ते सूर्यावरून धरतं, ढगाळ दिवशी चुंबकीय क्षेत्राचाही आधार घेतं, आणि ओळखीच्या भागात रस्ते, नदीकाठ यांवरूनही येतं. तेव्हा बंद खोलीत महिनाभर ठेवलेल्या पिल्लाला पुढे कितीही सराव द्या, त्याचा पाया कच्चाच राहतो. गिरेबाजांबरोबर ती उडवू नका. गिरेबाजाला घरावरच्या आकाशात उंच चढून तासन्‌तास राहायचं वळण असतं, होमरच्या पिल्लांनी टोळीने लांब भटकून यायला शिकायला हवं.

पहिल्या वर्षी पाच, दहा, वीस किलोमीटर, मग कवठे महांकाळ, मग सांगोला, मग मोहोळ. तिथे थांबा. लातूर-नांदेड दुसऱ्या वर्षी, यवतमाळ-नागपूर तिसऱ्या. लांब पल्ल्याचं रक्त उशिरा पिकतं. पहिल्या वर्षी मोहोळहून मागे मागे आलेली मादी तिसऱ्या वर्षी नागपूरहून पहिली येते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या वर्षाच्या क्रमावरून मी कोणाला काढत नाही. न आलेले तेवढे गेले.

सराव देताना एक गोष्ट आवर्जून करा: पक्षी आदल्या संध्याकाळी करंडीत भरा, रात्रभर तिथेच ठेवा आणि करंडीला बाहेरून लावलेल्या पन्हाळीतून पाणी प्यायला शिकवा. जे कबुतर परक्या भांड्यातून पाणी पीत नाही ते लांबच्या गाडीत दोन दिवसांत अर्धं खलास होतं, आणि सुटल्यावर दोष आपण त्याच्या रक्ताला देतो. संक्रांतीच्या आगेमागे नागपूरकडून सोडूच नका, मांजाने पंख कापलेले पक्षी येतात. बहिरी ससाणा हिवाळी पाहुणा आहे, शाहीन ससाणा आणि मोरघार बारमाही. ते त्यांचं काम करणार. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. आपण एवढंच करायचं की सोडण्याची जागा कडे-कपारींपासून दूर, मोकळ्या माळावर निवडायची.

आता निवड. नागपूरहून दुसऱ्या दिवशी येणारं कबुतर नीट बघा. ते नेहमीसारखं उंचावरून झेप घेत येत नाही. खालून, घरांच्या अंगाने येतं आणि सरळ आत शिरतं. चोच पाण्यात बुडवून न थांबता ओढून ओढून पितं. हातात घ्या. हलकं झालेलं असणारच. छातीची पिसं फुंकर मारून बाजूला करा. कातडी गुलाबी असेल, डोळा टवटवीत असेल, पंख हाताशी झगडत असेल तर याने रात्र हुशारीने काढलीय, चरबी जपून वापरलीय. कातडी निळसर, छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं, शेपूट खाली पडलेली असेल तर ते आलं खरं, पण अंगातलं मांस जाळून आलंय. दोघांची वेळ एकच असली तरी पहिल्याचीच अंडी मला हवीत. आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. चांगलं कबुतर तिसऱ्या दिवशी दाण्यावर भांडत असतं.

ही नोंद वहीत करा, वेळेसकट, वाऱ्यासकट. पहिला नंबर कोणाचा यापेक्षा कोणत्या जोडीची पिल्लं किती गेली आणि किती परत आली हा रकाना जास्त बोलतो. एकाच जोडीची तीन भावंडं कठीण दिवशी परत आली, तर ते घराणं. एकच चमकला आणि बाकीची पाच गेली, तर तो योगायोग असू शकतो.

जोड्यांबद्दल. सुरुवातीला तुमची जोडी आणि नागपूर-भोपाळहून स्वतः आलेल्या, किंवा तिथून आलेल्यांच्या सख्ख्या भावंडांच्या दोन-तीन जोड्या आणा. वंशावळ छोटी चालेल, कामगिरी घरातली हवी. बंगळूर, चेन्नईत नावाजलेल्या पक्ष्याची वयस्क मादी बऱ्याचदा रास्त किमतीत मिळते, कारण लोकांना तरुण पक्षी हवे असतात. सहा-सात वर्षांची, अंडी देणारी, जिची पिल्लं आली आहेत अशी मादी सापडली तर जान्सेनच्या तीन कागदांपेक्षा ती घ्या.

दुसऱ्या हंगामात जोड्या मोडून जोडीदार बदला. नर 'अ' ने एका मादीपासून चांगली पिल्लं दिली, तर श्रेय कोणाचं हे कळत नाही. दोन वेगळ्या माद्यांपासून दिली तर नर खरा. तसंच मादीचं. असा एक पक्षी, नर असो वा मादी, सापडेपर्यंत घराणं सुरू झालं असं म्हणू नका. सापडला की बाकी सगळं त्याच्याभोवती. ती मादी असेल तर तिची अंडी दुसऱ्या जोडीखाली ठेवा म्हणजे ती लवकर पुन्हा घालेल. दोन्ही जोड्यांच्या अंड्यांत दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर पिल्लू बाहेर येईल तेव्हा पाळणाऱ्या जोडीच्या गळ्यात पिल्लांना भरवायचं दूध तयार नसेल. वर्षातून तिला फार ताणू नका, चार-पाच वेळा अंडी पुष्कळ झाली.

मग जवळच्या नात्यातल्या जोड्या. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं लावली तर पिल्लांत पंचवीस टक्के रक्त एकाच ठिकाणी साचतं. आजोबा-नात, काका-पुतणी किंवा सावत्र भावंडांत साडेबारा. मी साडेबारावर थांबतो आणि पुढच्या पिढीत पुन्हा त्याच मूळ पक्ष्याकडे वळतो. अंडी कोरी जाऊ लागली, पिल्लं बारीक निघू लागली, पीस रखरखीत झालं की समजायचं, ताण जास्त झाला. अशी घट्ट रक्ताची कबुतरं स्वतः उडवण्यासाठी नसतात, त्यांना आजारही लवकर धरतात. ती ढाबळीत ठेवायची आणि दुसऱ्या, तितक्याच घट्ट पण बिननात्याच्या घराण्याशी जोडायची. त्या संकरातून निघालेली पिल्लं अंगाने भरलेली, चिवट निघतात, ती उडवायची. इथेच तुमची जान्सेन जोडी कामाला येते. मुक्काम करून येणाऱ्या मादीला वेगवान जान्सेन नर एकदा लावला, तर नातवंडांत असे पक्षी मिळू शकतात जे नागपूरहून अंधाराआधी पोचतील. उलट, पूर्ण जान्सेनलाच जबलपूरला पाठवलंत तर सांगली गाठणारे फार थोडे असतील.

नर-मादीचं एक लक्षात ठेवा. पक्ष्यांत मादीकडे लिंग ठरवणारं झेड गुणसूत्र एकच असतं आणि ते तिला फक्त बापाकडून मिळतं. आईचं झेड मुलांना जातं, मुलींना नाही. म्हणून थोर नराचं घराणं पुढे न्यायचं तर मी त्याच्या मुली राखतो, आणि थोर मादीचं न्यायचं तर तिचे मुलगे. सगळेच गुण झेडवर नसतात, बहुतेक इतरत्रच असतात, पण निवड करायचीच आहे तर ही एक बाजू हातची का सोडा.

डोळ्यातली वर्तुळं बघून जोड्या लावणारे पुष्कळ भेटतील. त्यात मला काही आढळलेलं नाही. जनुकांच्या तपासण्याही आता विकत मिळतात. डीएनए आई-बाप पटवण्यासाठी वापरा, जोड्या मात्र करंडी ठरवेल, म्हणजे करंडीतून नेऊन सोडल्यावर कोण घरी येतं ते.

दाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लांब पल्ला अर्धा दाण्यावर असतो. लांब उडीचं इंधन चरबी आहे. तिच्या एका ग्रॅममध्ये पिठूळ दाण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा. शर्यतीच्या आठवड्यात पहिले दोन-तीन दिवस सातू (जव) जास्त, हलकं. शेवटचे तीन दिवस मका, करडई आणि थोडे कच्चे शेंगदाणे. करडई तुमच्या शेजारी सोलापूर-मराठवाड्यात पिकते, ताजी मिळेल. मका आणि शेंगदाणे मात्र नाकाला लावून घ्या. पावसात भिजून बुरशी धरलेला दाणा यकृत खराब करतो आणि असं कबुतर बाहेरून ठणठणीत दिसतं. डाळवर्गीय दाणा, म्हणजे मूग, मटकी, हरभरा, पिल्लं वाढवताना आणि पीसगळीत भरपूर द्या. पंखातली दहा मोठी पिसं आतून बाहेर क्रमाने गळतात. बाहेरची तीन-चार पूर्ण वाढलेली नसतील तर त्या पक्ष्याला लांबवर पाठवू नका, मग तो कितीही तयार वाटो.

या हंगामापुरतं सांगायचं तर: जोडीची डीएनए तपासणी करा, तिच्यापासून दोन वेळा पिल्लं घ्या आणि मोहोळपर्यंत न्या. तोवर इथल्या लांब पल्ल्याच्या दोन माद्या शोधा. बंगळूरला याल तेव्हा कळवा. कोणाच्या ढाबळीत नागपूरहून दुसऱ्या सकाळी आलेल्यांच्या मुली आहेत ते दाखवतो, त्यांतली एखादी विकायला तयार होतातच. डिसेंबरआधी या. नंतर सगळे उडवण्यात गुंततात आणि कोणी पक्षी हातात देत नाही.